ब्राऊझरमधले पासवर्ड दुसऱ्या ब्राऊझरमध्ये नेणं

एका ब्राऊझरनं साठवून ठेवलेले युजरनेम आणि पासवर्ड दुसऱ्या ब्राऊझरमध्ये हलवण्याची पद्धत. छापील लिखाणात 'संकेतशब्द' आणि 'परवलीचा शब्द' असे दोन प्रतिशब्द दिसतात, पण बोलताना सगळे पासवर्डच म्हणतात म्हणून इथेही तोच ठेवलाय. ह्याचे ढोबळ दोन मार्ग आहेत. एकात नवा ब्राऊझर जुन्याच्या साठ्यात स्वतः हात घालून पासवर्ड उचलतो, ह्याला थेट आयात म्हणू, आणि दुसऱ्यात जुना ब्राऊझर सगळ्या पासवर्डची एक फाइल काढून देतो आणि नवा ती वाचतो. गेल्या वीसेक वर्षांत पहिला मार्ग अरुंद होत गेला आणि दुसरा रुळला, खरंतर दुसराच जास्त उघडा, म्हणजे कमी सुरक्षित आहे, तरी असं झालं कारण पासवर्ड ज्या कुलपात असतात ते कुलूप बदलत गेलं.

पासवर्ड लक्षात ठेवायची सोय पहिल्यांदा कुठल्या ब्राऊझरनं दिली ह्यावर एकमत नाही. इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत (१९९९) फॉर्ममधला पासवर्ड आपोआप भरणारं ऑटोकम्प्लीट होतं, नेटस्केप ६ (२०००) मध्ये पासवर्ड मॅनेजर ह्या नावानंच सोय होती, आणि ऑपेराची 'वाँड' म्हणजे जादूची कांडी जुन्या लोकांना आठवत असेल. मान कोणाला द्यायचा हे 'साठवणं' म्हणजे काय मानायचं ह्यावर ठरतं. स्थलांतराचा प्रश्न मात्र थोडा नंतरचा, कारण त्या काळात विंडोजवाल्या बहुतेकांकडे एकच ब्राऊझर असायचा. फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा त्यात आयातीचा विझार्ड होता, तो एक्सप्लोररचे बुकमार्क, कुकी (साइटनं ब्राऊझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) आणि पासवर्डसुद्धा उचलायचा. सर्वसामान्य माणसासाठी ही पद्धत इथूनच सुरू झाली असं मानणं जास्त पटतं.

तेव्हा हे सोपं होतं कारण एक्सप्लोररचे पासवर्ड विंडोजच्या प्रोटेक्टेड स्टोरेज नावाच्या कप्प्यात असायचे आणि त्याच युजरच्या नावानं चालणारा कुठलाही प्रोग्राम तो कप्पा वाचू शकायचा. २००६ मध्ये एक्सप्लोरर ७ आला आणि रचनाच बदलली, ती थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. पासवर्ड रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात गेले, पण नोंदीवर साइटचं नाव नव्हतं, तिथे होता पत्त्याचा हॅश, म्हणजे पत्ता एका गणिती चरकातून काढल्यावर उरणारा ठसा, ज्याच्यावरून मूळ पत्ता परत काढता येत नाही. आणि आतला पासवर्ड विंडोजच्या डीपीएपीआय ह्या सोयीनं कुलूपबंद करताना तोच पत्ता किल्लीचा भाग म्हणून वापरलेला. म्हणजे साइटचा पत्ता माहीत असेल तरच नोंद सापडणार आणि उघडणार, नुसती यादी काढता येणारच नाही. फायरफॉक्सचा जुना विझार्ड इथे अडला. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमनं ह्यावर जी युक्ती केली ती मला ह्या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते : आयातीच्या वेळी क्रोम ते न उघडलेले डबे तसेच उचलून आपल्याकडे वेगळ्या टेबलात ठेवायचा, आणि पुढे कधी युजर स्वतः एखाद्या साइटवर गेला की त्या पत्त्याचा हॅश काढून बघायचा, जुळला तर डबा तिथल्या तिथे उघडून पासवर्ड भरायचा. म्हणजे आयात एका क्षणात व्हायची नाही, लोक जसजसे आपल्या रोजच्या साइटवर जातील तसतशी व्हायची.

क्रोमचा स्वतःचा साठा मात्र बराच काळ सोपा होता. लॉगिन डेटा नावाची एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) फाइल, साइटचे पत्ते आणि युजरनेम त्यात उघडे, फक्त पासवर्ड डीपीएपीआयनं बंद, आणि डीपीएपीआय (विंडोज २००० पासूनची) माणूस ओळखते, प्रोग्राम ओळखत नाही. तुम्ही लॉगिन केलेलं असलं की तुमच्या नावानं चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामनं 'उघड' म्हटलं की ती उघडते. दुसऱ्या ब्राऊझरला थेट आयात करता यायची ती ह्याच भरवशावर, आणि पासवर्ड चोरणारे व्हायरसही नेमकं हेच करायचे. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ८० नं कुलूप लावायची एईएस पद्धत आणली पण तिची किल्ली परत डीपीएपीआयच्याच ताब्यात होती, त्यामुळे फार फरक पडला नाही. जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून विंडोजवर ॲप-बाउंड एन्क्रिप्शन आलं, आधी कुकींसाठी, आणि त्यात मागणारा प्रोग्राम क्रोमच आहे का हे सिस्टिमच्या अधिकारानं चालणारी एक सेवा तपासते. चोराला अडवायला केलेली ही भिंत शेजारच्या प्रामाणिक ब्राऊझरलाही अडवते.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी, त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमवर न विसंबता स्वतःचं कुलूप ठेवलं. आधी साइनऑन्स नावाच्या साध्या टेक्स्ट फाइल, मग एसक्यूलाइट, आणि २०१४ पासून लॉगिन्स डॉट जेसॉन, सोबत किल्लीची वेगळी फाइल (सध्याची की फोर डॉट डीबी). ह्या दोन फाइल जोडीनंच हलवाव्या लागतात, एक राहिली की दुसरीचा उपयोग शून्य. वर मास्टर पासवर्ड लावायची सोय, ज्याला २०२० पासून प्रायमरी पासवर्ड म्हणतात. गंमत अशी की सगळीकडून आयात करणाऱ्या फायरफॉक्समधून पासवर्ड बाहेर काढायला बरीच वर्षं ॲडऑन, म्हणजे ब्राऊझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम लागायचं, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ नं जुन्या पद्धतीची ॲडऑन बंद केली तेव्हा ती वाटही गेली. अंगची निर्यात जुलै २०२० मध्ये ७९ व्या आवृत्तीत आली. क्रोमनं ती २०१८ च्या आसपास दिली होती, सफारीत साधारण २०२१ मध्ये.

ही निर्यात होते सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एका ओळीत एक खातं आणि मध्ये स्वल्पविराम. सीएसव्हीचे ढोबळ नियम आरएफसी ४१८० ह्या २००५ च्या टिपणात आहेत, पण पासवर्डच्या फाइलीत कुठले रकाने असावेत ह्याबद्दल त्यात अक्षरही नाही, त्यामुळे ज्यानं त्यानं आपले ठरवले. क्रोम नाव, पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि अलीकडे टीप देतो. सफारी ओटीपीची किल्लीही देते. फायरफॉक्स पासवर्ड कधी बनवला, कधी बदलला, शेवटचा कधी वापरला हेही देतो, शिवाय एचटीटीपी रेल्म. हा रेल्म म्हणजे राउटरच्या पानावर ब्राऊझरची जी छोटी करडी चौकट येऊन नाव-पासवर्ड विचारते तिचं नाव, आणि क्रोमच्या फाइलीत तो रकानाच नसल्यानं राउटरचा पासवर्ड दुसरीकडे गेला तरी तिथे तो आपोआप भरला जाईलच असं नाही. अँड्रॉइडच्या ॲपचे पासवर्डही गूगलच्या फाइलीत असतात पण त्यांच्यापुढे वेब पत्ता नसतो, ॲपची ओळख असते, आणि इतर ब्राऊझर अशा ओळी बऱ्याचदा टाकून देतात. क्रोममध्ये आणताना एका वेळी ३००० नोंदींची मर्यादा आहे.

बटणं कुठे आहेत हे सेटिंग्जमधल्या पासवर्डच्या पानावर सापडतं. ती फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नये हे मात्र मुद्दाम सांगायला हवं. एक्सेल सुरुवातीचे शून्य खातं, १५ पेक्षा जास्त आकडी नुसत्या अंकांच्या पासवर्डचे पुढचे अंक शून्य करून टाकतं, बरोबरच्या (=) चिन्हानं सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजतं, आणि मराठी नावं असतील तर कित्येकदा त्यांची अगम्य चिन्हं होतात. बघायचीच असेल तर नोटपॅड. आणि ह्या फाइलीला कुलूप नसतं, बँकेपासून मेलपर्यंत सगळं साध्या अक्षरांत, म्हणून ती स्वतःलाच व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवणं म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या पायरीवर ठेवणं. डाउनलोड्स फोल्डर क्लाउडला जोडलेला असेल तर तिथेही प्रत जाते, आणि डिलीट केली तरी रीसायकल बिनमध्ये राहते, आयात झाली की तिथूनही काढायची.

पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी किल्ल्यांच्या जोडीनं लॉगिन करायचा जो नवा प्रकार, त्याला सीएसव्ही मुळात चालतच नाही, त्यांची खाजगी किल्ली अशी उघड्या ओळीत लिहायची सोय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिडो अलायन्स ह्या लॉगिनची मानकं ठरवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं क्रेडेन्शियल एक्सचेंज नावाचे दोन मसुदे काढले, एक माहितीच्या मांडणीचा आणि एक ती कुलूपबंद अवस्थेतच एका ॲपमधून दुसऱ्यात नेण्याचा, म्हणजे मधे उघडी फाइल तयारच होऊ नये. ॲपलनं जून २०२५ मध्ये आपल्या पुढच्या सिस्टिममध्ये ह्या मांडणीला पाठिंबा जाहीर केला. हे काम मुख्यतः पासवर्ड मॅनेजर ॲपच्या बाजूनं पुढे गेलंय, डेस्कटॉपवर एका ब्राऊझरमधून दुसऱ्यात पासवर्ड न्यायला लोक सीएसव्हीच काढतात.