रुग्णालयातील वैयक्तिक उपकरणांचे जंतुनाशन

मोबाइल, टॅबलेट, लॅपटॉप, स्मार्ट घड्याळ, इअरफोन यांसारखी रोजच्या वापरातील उपकरणे प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाजवळ नेण्यापूर्वी त्यांच्या पृष्ठभागावरील रोगजंतूंची संख्या सुरक्षित पातळीपर्यंत खाली आणण्याची क्रिया. रोजच्या बोलण्यात हिला सरसकट निर्जंतुकीकरण म्हणतात; परंतु निर्जंतुकीकरणात जीवाणूंच्या बीजाणूंसह (टणक कवचातील सुप्त रूपांसह) सर्व सूक्ष्मजीव नष्ट होणे अपेक्षित असते, आणि त्यासाठी सहसा वापरली जाणारी १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ कोणताही फोन सोसू शकत नाही. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी वैद्यकीय वस्तूंच्या केलेल्या वर्गीकरणानुसार केवळ अखंड त्वचेला लागणाऱ्या वस्तूंना सौम्य पातळीचे जंतुनाशन पुरते, आणि फोन याच वर्गात मोडतो.

तरीही दुर्बल रुग्णांच्या बाबतीत हा निकष जपूनच लावावा लागतो, कारण त्यांची त्वचा बहुधा अखंड नसते. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेला किंवा केमोथेरपीमुळे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेलेला रुग्ण, भाजलेला रुग्ण, अपुऱ्या दिवसांचे बाळ, या सर्वांच्या शरीरात सलाईनची नळी, कॅथेटर किंवा उघडी जखम यांवाटे जंतूंना थेट प्रवेश मिळू शकतो. निरोगी माणसाच्या कातडीवर निरुपद्रवीपणे राहणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू अशा रुग्णाच्या रक्तात शिरल्यास जिवावर बेतू शकते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस व ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू तर कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, अनुकूल स्थितीत कित्येक आठवडे, तग धरतात.

फोनचा खरा धोका तो हाताला सतत जोडलेला असतो यात आहे. नातेवाईक दाराशी हात निर्जंतुक करतो, खाटेजवळ येतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजतो. तो फोन काढतो, दोन शब्द बोलतो, परत ठेवतो आणि त्याच हाताने रुग्णाच्या कपाळावरून हात फिरवतो. दाराशी घेतलेली सगळी काळजी त्या एका फोनने वाया गेलेली असते. म्हणून फोन पुसणे हा हात धुण्याला पर्याय नाही: फोन स्वच्छ असला तरी तो हाताळल्यानंतर आणि रुग्णाला स्पर्श करण्याआधी हात पुन्हा स्वच्छ करावेच लागतात.

पुसण्यापूर्वी उपकरण बंद करून चार्जरपासून वेगळे करावे आणि कव्हर काढावे. कव्हरच्या आतल्या कडेला, कॅमेऱ्याच्या उंचवट्याभोवती आणि बटणांच्या खाचांत मळाची करडी रेघ साचलेली दिसते. ती आधी पुसून काढली नाही, तर त्या थराखालचे जंतू औषधापासून बचावतात. त्यानंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, पण न ठिबकणाऱ्या वाइपने सर्व बाजू पुसाव्यात. याहून तीव्र अल्कोहोल अधिक गुणकारी ठरेल, हा समज चुकीचा आहे. जंतूंमधील प्रथिनांची रचना मोडण्यासाठी पाण्याचा अंश लागतो, शिवाय शुद्ध अल्कोहोल फार लवकर उडून जाते. वाइपच्या वेष्टनावर सांगितलेला पूर्ण वेळ पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे आणि आपोआप वाळला पाहिजे. घाईने कोरड्या फडक्याने काच चकचकीत करण्याची सवय इथे घातक आहे. द्रव थेट उपकरणावर फवारू नये. फोन जलरोधक असला, तरी त्या गुणाची चाचणी साध्या पाण्याने घेतलेली असते, जंतुनाशकाने नव्हे. निर्मात्याच्या सूचनाही पाहून घ्याव्यात, कारण काही रसायनांनी पडद्यावरील तेलरोधक थर झिजतो आणि प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. कापडी वा चामड्याची कव्हरे नीट जंतुमुक्त करता येत नाहीत. ती बाहेरच ठेवणे उत्तम.

अल्कोहोलची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू त्याने मरत नाहीत आणि उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा परिणाम तोकडा पडतो. बीजाणू मारणारी क्लोरीनयुक्त द्रव्ये धातू व पडद्याला मारक असल्याने अशा संसर्गाच्या रुग्णाच्या खोलीत फोन न नेणे हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग होय, आणि तिथून निघताना हात साबण-पाण्यानेच धुवावेत. अतिनील किरणांच्या पेट्या २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या किरणांनी जंतूंचे डीएनए निकामी करतात. मात्र किरण सरळ रेषेत जात असल्याने सावलीतल्या खाचा आणि मळाखालचा भाग सुटतो. उघड्या दिव्याने डोळ्यांना व त्वचेला इजा होते.

रुग्णाच्या स्वतःच्या फोनकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. विलगीकरणात आठवडेच्या आठवडे काढणाऱ्याला घरच्यांचा चेहरा त्या पडद्यावरच दिसतो. फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. असा फोन रोज, तसेच जमिनीवर पडल्यास किंवा दुसऱ्याने हाताळल्यास लगेच पुसावा, चार्जरची वायरही विसरू नये, आणि तो इतरांच्या हाती शक्यतो देऊ नये. नवजात अतिदक्षता विभागात बाळाला छातीशी धरून बसणाऱ्या आईचा फोन पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत ठेवता येतो. पिशवीतूनही पडदा स्पर्शाला प्रतिसाद देतो, बाहेरून पिशवी पुसणे सोपे जाते, आणि विभागातून बाहेर पडताना ती टाकून देता येते.