कावाउची, रिंको

(१९७२– ). समकालीन जपानी छायाचित्रकार. जन्म शिगा प्रांतात. सेआन या महाविद्यालयातील कलाशिक्षण १९९३ मध्ये पूर्ण. काही काळ जाहिरात क्षेत्रात काम. स्वतंत्र व्यवसायाचा आरंभ साधारणपणे १९९७ च्या सुमारास धरतात.

२००१ मध्ये उताताने (डुलकी), हानाबी (आतषबाजी) आणि हानाको ही तिची तीन पुस्तके एकाच वेळी प्रसिद्ध झाली. पहिल्या दोहोंसाठी २७ वा किमुरा इहेई पुरस्कार (जपानमधील छायाचित्रणाचा प्रतिष्ठित पुरस्कार) मिळाला (छायाचित्रकार ताइजी मात्सुए यांच्यासह). आदल्या वर्षी हाच पुरस्कार हिरोमिक्स, युरिए नागाशिमा व मिका निनागावा या तिघींना विभागून मिळाला होता. त्यांच्या पिढीच्या कामाला समीक्षेत ‘ओन्नानोको शाशिन’, म्हणजे ‘मुलींची छायाचित्रे’, हे नाव पडले. समीक्षक कोतारो इइझावा यांच्या लेखनाशी ते विशेष जोडले जाते. कावाउचीलाही पुष्कळदा त्याच गटात बसवतात. नागाशिमा यांनी या संज्ञेवर पुढे सविस्तर आक्षेप घेतला आणि तो अधिक ग्राह्य वाटतो. वय आणि लिंग यांवरून केलेली ही विभागणी चित्रांविषयी फारसे काही सांगत नाही.

उताताने मध्ये शिलाई मशीन आहे, पाण्यावर तोंडे उघडून गर्दी करणारे कोई मासे आहेत. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची चौरस चौकट, फिकट रंग आणि भरपूर उजेड. समोरासमोरच्या पानांवरील दोन चित्रे एकमेकांना अर्थ देतात. म्हणून तिच्या कामाची हायकूशी तुलना होते. ही तुलना या जोडणीपुरती खरी आहे. मात्र ‘दैनंदिन जीवनाची छायाचित्रकार’ हे वर्णन अपुरे पडते, कारण त्या उजेडात मरण सतत डोकावते. क्वी क्वी (२००५) मध्ये स्वतःच्या कुटुंबाची १३ वर्षे आहेत. आजोबांचा मृत्यूही त्यात येतो.

इल्युमिनन्स (२०११) नंतरचे आमेत्सुची (२०१३) हे वेगळे वळण. येथे ४×५ इंची फिल्मचा मोठा कॅमेरा आला. क्युशू बेटावरील आसो परिसरात वसंताच्या तोंडावर गवताळ कुरणे जाळतात (नोयाकी). तो या पुस्तकाचा गाभा. शीर्षकाचा अर्थ ‘आकाश-पृथ्वी’. ते जपानी अक्षरांच्या एका प्राचीन पाठावरून घेतले आहे. त्यात प्रत्येक अक्षर एकदाच येते. प्रचलित ‘इरोहा’ पाठात ४७ अक्षरे आहेत, यात ४८. ‘ए’ आणि ‘ये’ हे उच्चार येथे निराळे मोजले जातात. हा भेद दहाव्या शतकात लोपला असे मानतात. त्यावरून पाठ ‘इरोहा’च्या आधीचा, बहुधा नवव्या-दहाव्या शतकांतील ठरतो. निश्चित काळ सांगणे कठीण. जुने गवत जाळून नवे उगवू देणाऱ्या कुरणांच्या पुस्तकाला मुळाक्षरांचा पाठ शोभतो.

२०११ च्या त्सुनामीनंतर इशिनोमाकी या शहरात टिपलेली एका काळ्या व एका पांढऱ्या कबुतराची चित्रे लाइट अँड शॅडो या पुस्तकात आहेत. हेलो (प्रभावलय) हे पुस्तक २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

इतर सन्मान : न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीचा इन्फिनिटी पुरस्कार (२००९), सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांतील विशेष योगदान सन्मान (२०२३). टोकियो ऑपेरा सिटी कलादालनात २०२२ मध्ये मोठे एकल प्रदर्शन.