९११ चं तिसरं पेडल

पोर्शे ९११ मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक, यावर गाडीवेडे लोक जेवढ्या तावातावाने भांडतात तेवढे इंजिनावरूनही भांडत नाहीत. त्यात गंमत अशी की सुरुवातीची चाळीस वर्षं वाद होता तो पायाला आराम मिळावा म्हणून किती वेग सोडायचा याचा. २००८ नंतर तो उलटा झाला: हातापायांना काम मिळावं म्हणून किती वेग सोडायचा? भांडणारे बरेचसे तेच राहिले, घड्याळाने मात्र पक्ष बदलला. तो कसा बदलला हे पाहायचं तर ९११ इतकी सोयीची गाडी दुसरी नाही. या एकाच गाडीने १९६७ पासून तीन वेगवेगळ्या रीतींनी क्लचचं, म्हणजे तिसरं, पेडल काढून पाहिलं आहे.

क्लच आणि सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स हा मेळ जमवला तो १८९१ च्या सुमारास फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर गाड्यांनी. ‘आडदांड आहे, पण चालतं,’ असं लेव्हासोर आपल्या गिअरबॉक्सबद्दल म्हणाल्याचं सांगतात. आडदांड होतंच ते. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चाकं एकमेकांत घुसवायची म्हणजे दात खरडणारच. ते टाळायचं तर क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. आपल्याकडच्या जुन्या ट्रक-एसटीच्या ड्रायव्हरांना हा ‘डबल क्लच’ शिकवायची गरज नव्हती. घाटाच्या पायथ्याशी तो ऐकू यायचा. १९२८ मध्ये कॅडिलॅकने दोन्ही चाकांची गती आधीच जुळवून देणारा सिंक्रोमेश आणला आणि साध्या माणसाची या कसरतीतून सुटका झाली. पोर्शेने स्वतःच्या धाटणीची सिंक्रो रिंग तयार केली, १९५२ पासून आपल्या ३५६ या गाडीत बसवली आणि इतर कंपन्यांनाही तिचे परवाने दिले. म्हणजे मॅन्युअल गिअर गुळगुळीत पडावा यात या घराण्याचा हात जुनाच आहे.

‘स्पोर्ट्स कार म्हणजे मॅन्युअल’ हे समीकरण अगदी आरंभापासूनचं, असं समजायचं मात्र कारण नाही. अमेरिकेची लाडकी शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ साली आली ती फक्त ऑटोमॅटिकमध्ये, आणि त्यातही दोनच गिअरच्या पॉवरग्लाइडसह. त्या इंजिनाला पेलेल असा मॅन्युअल गिअरबॉक्स कंपनीच्या हाताशी नव्हता, एवढंच साधं कारण. इंग्लंडच्या एमजी आणि जॅग्वार चालवलेल्या लोकांनी नाकं मुरडली. १९५५ मध्ये तीन गिअरचं मॅन्युअल आलं आणि कॉर्व्हेटची लाज राखली गेली. पुढे २०२० च्या कॉर्व्हेटमधून मॅन्युअल पुन्हा साफ गेलं, तेव्हा ‘परंपरा बुडाली’ म्हणून गळे काढणाऱ्यांपैकी किती जणांना हा पहिला अध्याय आठवला असेल, कोण जाणे.

पोर्शेची अडचण वेगळी होती. साठच्या दशकात तिचा मोठा ग्राहक अमेरिकेत होता आणि अमेरिकेला ऑटोमॅटिकची सवय लागली होती. पण त्या काळचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स छोट्या इंजिनाची बरीच ताकद तेल घुसळण्यातच घालवायचा. दोन लिटरच्या ९११ ला हे परवडणारं नव्हतं. मग १९६७ च्या शरदात मधला मार्ग निघाला: स्पोर्टोमॅटिक. गिअर चार, हाताने टाकायचे, पण क्लचचं पेडल नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलातून ताकद पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर होता, त्यामुळे गाडी गिअरमध्ये उभी केली तरी बंद पडायची नाही. आणि गिअर बदलताना लागणारा क्लच लपला होता गिअरच्या दांड्यात.

हे प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. दांड्याच्या मुळाशी एक बारीक विद्युत स्विच. हाताने दांडा जरासा ढकलला की स्विच जुळायचा, एक झडप उघडायची, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा पडदा क्लच ओढून धरायचा. गिअर पडला, हात सुटला, क्लच पुन्हा लागला. वाचताना सोपं वाटतं. पण ज्यांना दांड्यावर हात ठेवून गाडी चालवायची सवय असते (आणि ती निम्म्या जगाला असते) त्यांचा हात नुसता टेकला तरी क्लच सुटायचा आणि इंजिन मोकळंच किंचाळायचं. स्पोर्टोमॅटिक चालवायची तर आधी हाताला संन्यास शिकवावा लागे.

ही खेळण्यातली गोष्ट नाही हे दाखवायला पोर्शेने तिला थेट जर्मनीतल्या नूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर नेलं. ऑगस्ट १९६७ मध्ये तिथे ‘मॅरेथॉन द ला रूट’ नावाची ८४ तासांची शर्यत झाली. साडेतीन दिवस, साडेतीन रात्री. व्हिक एल्फर्ड, हान्स हेरमान आणि योखेन नीर्पाश यांनी स्पोर्टोमॅटिक बसवलेल्या ९११ आर मध्ये ती जिंकली. इतक्या लांब शर्यतीत दमलेल्या ड्रायव्हरच्या हातून गिअर चुकणं हाच गाडीला मोठा धोका असतो, हे लक्षात घेतलं तर निवड चतुर होती. बाजारावर मात्र या विजयाचा फारसा परिणाम झाला नाही. इंजिनाचा जोर वाढत गेला तसे १९७५ मध्ये चाराचे तीन गिअर झाले आणि १९८० मध्ये स्पोर्टोमॅटिक बंद पडली. ज्याला गिअर टाकायचेच आहेत त्याला क्लचही दाबायचा असतो आणि ज्याला क्लच नको त्याला गिअरही नको असतात. स्पोर्टोमॅटिक या दोघांच्या मध्ये उभी होती. आपल्याकडे २०१४ च्या मारुती सेलेरिओने ‘क्लच यंत्राने दाबायचा, खालचा गिअरबॉक्स मॅन्युअलचाच’ हा विचार स्वस्तात घरोघर नेला. तिथे गिअरही यंत्रच टाकत होतं, म्हणून तो चालला.

मग १९८९ उजाडलं, आणि एकाच वर्षात दोन वाटा फुटल्या.

एक वाट पोर्शेची. नव्या ९११ कॅरेरा २ मध्ये टिपट्रॉनिक आलं. हा खराखुरा ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाला, चार गिअरचा. नेहमीच्या खाचेशेजारी दुसरी खाच. दांडा तिथे सरकवून पुढे ढकलला की वरचा गिअर, मागे ओढला की खालचा. कल्पना इतकी लोकप्रिय झाली की पुढे भल्याभल्या फॅमिली कारमध्येही प्लस-मायनसची खाच दिसू लागली. पण शून्यापासून ताशी १०० किमी गाठताना टिपट्रॉनिक मॅन्युअलच्या जवळजवळ एक सेकंद मागे राहायचं. सिग्नलवर ठीक, ट्रॅकवर नाही.

दुसरी वाट फेरारीची. जॉन बर्नार्डने आखलेल्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीत स्टिअरिंगमागे दोन पाती होती. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. क्लच हायड्रॉलिक यंत्रणा सांभाळायची. सरावात ती इतकी बिघडायची की ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेलने लवकरचं विमान धरायची तयारी ठेवली होती, असा किस्सा सांगतात. मॅन्सेल ती शर्यत जिंकला. १९९७ मध्ये एफ३५५ मधून ही पाती रस्त्यावरच्या फेरारीत आली आणि दांडा, क्लच, ‘टाच-बोट’ (ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच पायाने सांभाळायची कला) या साऱ्यांचा परतीचा प्रवास सुरू झाला. गावात हळू चालवताना या पहिल्या पिढीच्या गाड्या मानेला झटके द्यायच्या, हे खरं. पण ‘ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी’ हा शिक्का याच पात्यांनी पुसला. जगज्जेते ड्रायव्हर जे वापरतात त्याला आळस कोण म्हणणार?

पोर्शेकडे तोवर याहून चांगलं हत्यार तयार होतं, फक्त म्यानातून निघत नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून ९५६ आणि मग ९६२ या रेसिंग गाड्यांवर डबल क्लच गिअरबॉक्सचे प्रयोग चालले होते. जर्मन लांबलचक नावाचं संक्षिप्त रूप: पीडीके. इथला ‘डबल क्लच’ एसटीवाल्यांचा नव्हे. इथे खरोखरच दोन क्लच आहेत. एक, तीन, पाच हे विषम गिअर एकाच्या ताब्यात, दोन, चार, सहा हे सम गिअर दुसऱ्याच्या. तिसऱ्यात पळताना चौथा आधीच अडकवून ठेवलेला असतो. बदल म्हणजे एक क्लच सुटणं आणि त्याच क्षणी दुसरा लागणं. मध्ये पोकळी नाही. टर्बो इंजिनाला याचा फायदा दुहेरी. मॅन्युअलमध्ये गिअर बदलायला ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोचा दाब पडतो आणि तो पुन्हा चढेपर्यंत वाट बघावी लागते. पीडीकेत पाय उचलायचाच नाही. १९८६ मध्ये मॉन्झाच्या ३६० किमी शर्यतीत हान्स-योआखिम स्टुक आणि डेरेक बेल यांनी पीडीकेवाल्या ९६२ ने बाजी मारली. पण यंत्र जड होतं आणि त्याला सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक्स त्या काळी कच्चे होते. पोर्शेने ते बाजूला ठेवलं. २००३ मध्ये डबल क्लच प्रथम विक्रीच्या गाडीत आला तो फोक्सवॅगन गोल्फमध्ये! कुळाचार पोर्शेचा आणि नैवेद्य दुसऱ्याच्या घरी.

२००८ च्या ९११ मध्ये अखेर पीडीके आलं, सात गिअरचं. कंपनीचे स्वतःचे आकडे बघा. कॅरेरा या साध्या ९११ मध्ये मॅन्युअलला १०० गाठायला ४.९ सेकंद, पीडीकेला ४.७, आणि स्पोर्ट क्रोनो हे जादा पॅकेज घेतलं तर ४.५. क्लचचं पेडल नसलेली ९११ पहिल्यांदाच पेडलवाल्या ९११ च्या पुढे गेली. पेट्रोलही कमी प्यायली. हा आकडा लिहिला गेला त्या दिवशी मॅन्युअलच्या बाजूचा सर्वांत जुना युक्तिवाद संपला. एवढं असूनही पोर्शेने पात्यांऐवजी स्टिअरिंगवर चमत्कारिक बटणं दिली होती: अंगठ्याने पुढे दाबलं की वरचा गिअर, मागून बोटांनी ओढलं की खालचा, दोन्ही हातांना तसंच. ज्याने त्याने शिव्या घातल्या. यथावकाश पाती आली.

यापुढे मॅन्युअलवाल्यांना आपली निवड समजावून सांगावी लागू लागली. २०११ च्या ९११ मध्ये त्यांच्या वाट्याला सात गिअरचं मॅन्युअल आलं, तेही पीडीकेच्याच पोटातून काढलेलं. एवढ्या दाटीत चुकून सातवा पडू नये म्हणून कुलूप बसवलं: पाचव्या किंवा सहाव्यातूनच सातव्यात जाता येईल. आणि २०१३ मध्ये खरा स्फोट झाला. ट्रॅकवेड्यांची ९११, म्हणजे जीटी३, आली ती फक्त पीडीकेत. मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत चढणारं इंजिन, मागची चाकंही वळणारी, आणि मधे दांडा नाही. इंजिनिअरांचं म्हणणं बिनतोड होतं: जीटी३ ही वेळ कमी करण्यासाठी आहे आणि पीडीकेने वेळ कमी होतो. गिऱ्हाइकाचं म्हणणंही तितकंच बिनतोड होतं, कारण ते वेळेबद्दल नव्हतंच.

२०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर हे जुनं नाव देऊन नवी गाडी काढली. ५०० अश्वशक्ती, सहा गिअर, फक्त मॅन्युअल, मागचा मोठा पंख नाही, संख्या ९९१. गाड्या हाती पडायच्या आत त्यांची दुसऱ्या हाताची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाली. जीटी विभागाचे प्रमुख आंद्रेआस प्रॉयनिंगर यांना याहून स्पष्ट मतपत्रिका मिळणार नव्हती. २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आलं, जादा पैसे न घेता. पीडीके ३.४ सेकंद, मॅन्युअल ३.९. अर्धा सेकंद हवा की दांडा, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

इथेही एक फट आहे. वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरत त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टोला द्यायचा, म्हणजे खालचा गिअर झटका न देता पडतो. या ‘टाच-बोट’ कलेसाठीच लोक मॅन्युअल मागतात. आणि मॅन्युअल जीटी३ मध्ये हा टोला गाडीच देते, संगणकाने. बंद करायची सोय आहे. ते बंद करून पहिल्याच वळणावर मागची चाकं अडखळली की आपल्या कलेची यत्ता आपल्याला कळते.

आता गोष्ट आणखी एका वळणावर आहे. २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये विजेची मोटर आली आणि ती बसवली आहे आठ गिअरच्या पीडीकेच्या कवचातच. त्यामुळे तिथे मॅन्युअलचा प्रश्नच उरत नाही. नकार धोरणाचा नाही, जागेचा आहे. साध्या कॅरेरातही मॅन्युअल मिळत नाही. ज्याला जीटी३ परवडत नाही पण तिसरं पेडल हवं आहे, त्याच्यासाठी उरते कॅरेरा टी. सातवा गिअर काढून सहाच ठेवलेली, १०० गाठायला ४.५ सेकंद घेणारी. पीडीकेवाली साधी कॅरेरा तोच वेग ४.१ मध्ये गाठते आणि तिच्याहून स्वस्तही आहे. जास्त पैसे मोजून हळू गाडी घेणाऱ्याच्या तळहाताखाली पोर्शेने अक्रोडाच्या लाकडाची मूठ दिली आहे.