एल हिएरो बेटावर डिझेल बंद झालं का?

‘स्पेनचं एल हिएरो बेट २०१४ पासून शंभर टक्के वारा आणि पाण्यावर चालतं, तिथे डिझेल कायमचं बंद झालं,’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही.

२०१४ मध्ये तिथे गोरोना देल व्हिएंतो हा प्रकल्प सुरू झाला, एवढं खरं. एकूण ११.५ मेगावॉटच्या पाच पवनचक्क्या आहेत. वारा जास्त असेल तेव्हा उरलेल्या विजेने खालच्या तलावातलं पाणी ज्वालामुखीच्या जुन्या विवरात केलेल्या वरच्या तलावात चढवतात. वारा पडला की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवतात. आपल्या घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पातही पाणी असंच वर-खाली खेळवतात. पण एल हिएरोचा खालचा तलाव वरच्यापेक्षा बराच लहान आहे आणि वारा बारमाही सारखा नसतो. बरेच दिवस वारा पडला की साठा संपतो आणि जुनं डिझेल केंद्र सुरू करावं लागतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात बेट सलग २४ दिवस निव्वळ अक्षय ऊर्जेवर चाललं. बातम्या झाल्या त्या अशाच दिवसांच्या. वर्षभराचा हिशेब वेगळा: २०१८ मध्ये एकूण विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा साधारण ५६ टक्के होता. शिवाय हे आकडे फक्त विजेचे. बेटावरच्या बहुतेक गाड्या आणि बोटी तेलावरच धावतात.

सुमारे अकरा हजार वस्तीच्या, पूर्वी जवळजवळ सगळी वीज डिझेलवर करणाऱ्या बेटासाठी २०१८ सारख्या वर्षात निम्म्याहून जास्त वीज वाऱ्या-पाण्यातून येणं मला फार मोठं वाटतं. ते तसंच, खऱ्या आकड्यांनिशी सांगायला हवं.