'इनटू द वुड्स': मध्यंतर गाळलेल्या परीकथांची पार्श्वभूमी

२०१४ च्या नाताळात अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या 'इनटू द वुड्स' या संगीतपटाविषयी टोकाची मते ऐकू येतात, याचे कारण पाहणाऱ्यांच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत. कोणी तो सिंड्रेला, रॅपन्झेल, जॅक आणि लाल झग्यातली मुलगी यांच्या मूळ कथांशी ताडून पाहतो, कोणी १९८७ च्या ब्रॉडवेवरील, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरील, संगीतिकेशी, तर कोणी दोन तासांचा करमणूकप्रधान कौटुंबिक चित्रपट म्हणून. या साऱ्या परीकथा एकत्र गुंफणाऱ्या कथानकात एक पाववाला आणि रॅपन्झेलला लेकीसारखी वाढवणारी चेटकीण ही पात्रेही आहेत. चित्रपटाची पटकथा संगीतिकेच्या लेखकानेच लिहिली असल्यामुळे यांपैकी दुसरी मोजपट्टी सर्वांत न्याय्य ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'मूळ कथे'शी इमान राखण्याची मागणी मात्र फारशी टिकत नाही. १६९७ च्या फ्रेंच संग्रहात लांडगा लाल झग्यातल्या मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते; तिची सुटका करणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या जर्मन संग्रहात भेटतो. त्या जर्मन संग्रहाच्या १८१२ मधील पहिल्या आवृत्तीतली रॅपन्झेल कपडे घट्ट होऊ लागल्याचे भाबडेपणाने सांगते आणि त्यातून तिचे गरोदरपण उघड होते. पुढील आवृत्त्यांत संपादकांनी हे वाक्य काढून टाकले. राक्षसाच्या घरातली जॅकची चोरी शोभून दिसावी म्हणून १८०७ च्या इंग्रजी आवृत्तीने त्या राक्षसाने पूर्वी जॅकच्या बापाला लुबाडल्याची पुस्ती जोडली. मुलांसाठी काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हा वाद चित्रपटाच्या कितीतरी आधीचा आहे.

संगीतिका १९८६ च्या डिसेंबरात सॅन दिएगो येथे प्रथम उभी राहिली आणि ५ नोव्हेंबर १९८७ रोजी ब्रॉडवेवर आली. तिथे तिचे सातशेहून अधिक प्रयोग झाले. १९८८ च्या टोनी या अमेरिकी नाट्यपुरस्कारांत संगीत आणि संहिता हे दोन्ही मान तिला मिळाले. सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान मात्र दुसऱ्याच नाटकाकडे गेला. मूळ नटसंचातील प्रयोगाचे चित्रीकरण १९९१ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखवले गेले आणि नंतरच्या पिढ्यांच्या मनात 'खरा' प्रयोग म्हणून तेच ठसले. चित्रपटावर रागावलेल्या अनेकांनी संगीतिका प्रत्यक्ष रंगमंचावर नव्हे, तर याच चित्रीकरणातून पाहिली होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वादाची ठिणगी पडली ती चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच. २०१४ च्या जूनमध्ये संगीतिकेचा संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम याने नाट्यशिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलताना, रॅपन्झेलचा मृत्यू आणि सिंड्रेलाच्या राजपुत्राचा बाहेरख्यालीपणा या दोन गोष्टींना डिस्ने स्टुडिओचा विरोध असल्याचे सूचित केले आणि एका प्रतिष्ठित साप्ताहिकाने ते छापले. लगेच काहूर उठले. काही दिवसांतच संगीतकाराने खुलासा केला: बदल लेखक, दिग्दर्शक आणि निर्माते यांच्याशी मिळून ठरवले होते, मेळाव्याच्या वेळी त्याने पूर्ण चित्रपट पाहिलेला नव्हता, आणि राजपुत्राचा प्रसंग व त्यातले गाणे दोन्ही चित्रपटात आहेत. हा खुलासा खरा ठरला. पण रॅपन्झेल मात्र वाचली. रंगमंचावर ती जॅकने मारलेल्या राक्षसाच्या बायकोच्या, म्हणजे राक्षसिणीच्या, पायाखाली चिरडली जाते, चित्रपटात ती चेटकिणीला झिडकारून आपल्या राजपुत्राबरोबर निघून जाते.

या फरकावर जेवढी शाई खर्ची पडली तेवढी त्याच्या परिणामावर पडली नाही. मुलगी गेल्यावर चेटकीण जो विलाप करते तो चित्रपटात आहे, परंतु रंगमंचावर तो प्रेतासमोरचा आक्रोश असतो आणि पडद्यावर तो लेक दुरावलेल्या आईची तक्रार होतो. पडद्यावरची अभिनेत्री तो उत्तम गाते. तरीही पुढे सगळ्यांवर दोषारोप करत चेटकीण जो संताप ओकते त्यामागचे बळ उणे पडते. स्टुडिओच्या भीतीपेक्षा हा तोटा मोठा आहे, आणि तो कथानकाच्या जोडणीतला आहे.

त्याहून महत्त्वाचा बदल मध्यंतराचा. रंगमंचावर पहिला अंक 'ते सुखाने नांदू लागले' येथेच संपतो, पडदा पडतो, आणि सगळे मनासारखे झाल्याच्या समाधानात प्रेक्षक पंधरा-वीस मिनिटे बाहेर घालवतो. दुसऱ्या अंकात मारल्या गेलेल्या राक्षसाची बायको सूड घ्यायला येते तेव्हा त्या समाधानाचाच हिशेब मागितला जातो. शाळांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीत तर केवळ पहिलाच अंक आहे, म्हणजे तिथे कथा सुखान्तच राहते. चित्रपटात लग्नाचा सोहळा सुरू असतानाच जमीन हादरते. सुख उपभोगायला प्रेक्षकाला उसंतच मिळत नाही, आणि म्हणून उत्तरार्ध अनेकांना लांबलेल्या शेपटासारखा वाटतो. मध्यंतराशिवाय हा घाट पेलणारी दुसरी युक्ती शोधायला हवी होती. ती शोधलेली दिसत नाही.

निवेदकाचेही तसेच. रंगमंचावर पात्रे आपल्याच निवेदकाला राक्षसिणीच्या हवाली करतात आणि त्यानंतर गोष्ट सांगायला कोणी उरत नाही. चित्रपटात निवेदन पाववाल्याच्या आवाजात आहे, त्यामुळे हा धक्का नाहीसा झाला. पाववाला आणि त्याचा बाप यांचे द्वंद्वगीतही गेले. त्याची केवळ धून मागे ऐकू येते. याउलट लाल झग्यातली मुलगी आणि जॅक या भूमिकांसाठी खरोखरच्या मुलांची निवड झाली; रंगमंचावर या भूमिका बहुधा वयाने मोठे नट करतात. लांडग्याच्या गाण्यातला वासनेचा सूर त्यामुळे एकदम अस्वस्थ करणारा झाला, आणि दिग्दर्शकाने तो बराचसा सौम्य केला. हा निर्णय मला योग्य वाटतो, जरी गाण्याची धार त्यात बोथट झाली.

ऑस्करसाठी चित्रपटाला तीन नामांकने मिळाली: साहाय्यक अभिनेत्री, वेशभूषा आणि कलादिग्दर्शन. गीताच्या विभागात तो नव्हता, कारण तिथे चित्रपटासाठीच रचलेले गाणे लागते. चेटकिणीसाठी तसे एक नवे गाणे लिहिले गेले होते आणि त्याचे चित्रीकरणही झाले होते, परंतु संकलनात ते वगळले गेले.