वॉकर, टकर, फुलर: एकाच धंद्याची तीन आडनावं

वॉकर हे इंग्लंडातलं अगदी नेहमीचं आडनाव. वाटतं, पूर्वज कुणी भरपूर चालणारा असावा. प्रत्यक्षात तो एका जागी उभा राहून ओलं कापड तुडवत असे.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असतं. ते हौदात पाणी, शिळं मूत्र आणि एक विशिष्ट माती घालून तासन् तास तुडवत. मूत्रातल्या अमोनियाने मळ सुटे, माती तेल शोषून घेई आणि पायांखाली धागे एकमेकांत गुंतून कापड आटून दाट होई. ही माती म्हणजे आपली मुलतानी मातीच; इंग्रजीत तिला फुलरची माती म्हणतात. मग लाकडी चौकटीवर, आकड्यांना अडकवून, कापड ताणून वाळवायचं. काम घाणेरडं आणि अंगमोड करणारं होतं, पण त्यावाचून कापड विकण्याजोगं होत नसे. मध्ययुगीन इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती, हे लक्षात घेतलं की या माणसांचं मोल कळतं.

त्यांना हाक मात्र मुलुखागणिक वेगळी. उत्तरेत, यॉर्कशायर-लँकेशायरकडे आणि स्कॉटलंडात वॉकर. जुन्या इंग्रजीतल्या ‘वेआल्कन’पासून, म्हणजे लोळवणं, घोळवणं. नैर्ऋत्येला डेव्हनमध्ये टकर. त्यामागचं ‘तुकियन’ म्हणजे चक्क छळणं. आग्नेयेला केंट, ससेक्सकडे फुलर, मूळ लॅटिन. एक्सेटरला १४७१ साली या कारागिरांच्या संघाने बांधलेली वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ म्हणूनच ओळखली जाते.

१०६६ मध्ये फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर आडनावं आधी जमीनदारांत रुजली. सामान्यांपर्यंत ती हळूहळू झिरपली आणि साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज घराण्यांत वंशपरंपरागत झाली. १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्यांमुळे अभ्यासकांना या काळातली नावं पाहता येतात. बापाचा धंदा सोडलेल्या मुलालाही मग तेच नाव चिकटू लागलं.

गंमत अशी की तोवर पायांनी तुडवणं मागे पडू लागलं होतं. टेम्पलर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघाच्या मालमत्तेच्या ११८५ च्या नोंदीतच यॉर्कशायरच्या टेम्पल न्यूसॅममधल्या कापड कुटण्याच्या गिरणीचा उल्लेख आहे. अशा गिरण्यांत पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे कापड कुटत. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर मात्र बायका विसाव्या शतकापर्यंत गाणी म्हणत हे कापड हातांनीच आपटत, मळत होत्या.