ब्लार्नीचा दगड स्कॉटलंडचा नव्हे

आयर्लंडमधील कॉर्क शहराजवळच्या ब्लार्नी किल्ल्यावरील ज्या दगडाचे चुंबन घेतल्याने वाक्चातुर्य लाभते असे मानतात, तो मुळात स्कॉटलंडच्या राज्याभिषेक-शिळेचा अर्धा तुकडा असून १३१४ मधील बॅनकबर्नच्या लढाईत केलेल्या मदतीबद्दल राजा रॉबर्ट ब्रूसने तो मॅकार्थी घराण्याला भेट दिला, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. ती खरी नाही. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ती शिळा १२९६ मध्येच स्कॉटलंडमधून उचलून नेली होती. जी वस्तू ब्रूसच्या हाती नव्हती, तिचा अर्धा वाटा तो देणार कुठून?

निर्णायक पुरावा मात्र दगडातच सापडला. एकोणिसाव्या शतकात या दगडाचा काढून ठेवलेला पातळ काप ग्लासगो विद्यापीठातील भूवैज्ञानिकांनी २०१४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात कॅल्साइट आणि सागरी जीवांच्या कवचांचे अवशेष दिसले. म्हणजे हा सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याच परिसरातला चुनखडक आहे. स्कॉटलंडची शिळा वालुकाश्माची आहे.

वाक्चातुर्याच्या वरदानाची परीक्षा ज्याने त्याने करावी. त्यासाठी १४४६ मध्ये बांधलेल्या बुरुजाचा अरुंद जिना चढून, माथ्यावर उताणे होऊन, लोखंडी कांबी घट्ट धरून डोके मागे खाली झुकवावे लागते. उतरल्यावर विषारी वनस्पतींची बाग चुकवू नये. आपल्याकडे बांधावर सहज उगवणारा एरंड तिथे त्या यादीत मानाने बसला आहे.